‘बसतंय की!’ एवढ्यावर चाक घेऊ नका: मायलेजच्या गाडीसाठी नवी रिम निवडताना

हौसेने चाकं बदलणारे वेगळे. बाकीच्यांवर ही वेळ खड्डा आणतो. रिमची कड वाकते, टायर दर दोन दिवसांनी बसायला लागतो, पंक्चरवाला पाण्यात बुडवून कडेने येणारे बुडबुडे दाखवतो आणि म्हणतो, “हातोड्याने सरळ करून भागणार नाही आता, बदलूनच टाका.” मग आपण दुकानात जाऊन उभे राहतो. भिंतीवर वीस-पंचवीस चकचकीत रिम टांगलेल्या असतात. विकणारा त्यातली एक काढतो, हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर) टेकवतो, चार नट हाताने दोन-दोन आटे फिरवतो आणि जाहीर करतो, “बसतंय की!”

बसतं खरं. पण बसणं वेगळं, बरोबर बसणं वेगळं. आणि गाडी मायलेजसाठी घेतलेली असेल तर तिथेही काम संपत नाही, कारण अगदी बरोबर बसलेलं चाकसुद्धा महिन्याच्या महिन्याला इंधन खात राहू शकतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल माहीत असेल. कंपनीने तुमच्या मॉडेलला जी दोन-तीन मापं दिलेली असतात, त्यांतलं सर्वांत लहान आणि अरुंद चाक हेच अशा गाडीला बहुतेक वेळा योग्य. दिसायला ते साधं दिसतं, हे मान्य.

जुनं चाक काढण्याआधी

रिम अजून चालण्यासारखी असेल तर दोन-तीन टाक्यांचं मायलेज टाकी पूर्ण भरून, वहीत लिहून ठेवा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. हे आत्ता केलं नाही तर नवी चाकं बसवल्यावर “वाढल्यासारखं वाटतंय” यापलीकडे बोलता येणार नाही.

मग जुन्या चाकावर काय लिहिलंय ते वाचा. टायरच्या बाजूवर समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असं आहे. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ हा रिमचा व्यास, इंचात. ८८ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. रिमवर वेगळे आकडे असतात, बहुधा मागच्या बाजूला किंवा व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ ठोकलेले: ६ जे × १५, ईटी ४५ अशा धर्तीचे. ६ जे म्हणजे रिमची रुंदी ६ इंच, १५ हा व्यास; ईटीचं पुढे सांगतो. चिखल पुसून फोटो काढून ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्याचाही काढा. कंपनीने मान्य केलेली टायरची मापं आणि हवेचा दाब तिथे असतो, आणि दुकानातल्या कोणाच्याही शब्दापेक्षा त्या स्टिकरवर माझा जास्त विश्वास आहे.

जिथे तडजोड चालत नाही

पीसीडी म्हणजे नटांची छिद्रं ज्या वर्तुळावर पाडलेली असतात त्याचा व्यास. ४×१०० म्हणजे चार छिद्रं, १०० मिलिमीटरचं वर्तुळ. चार छिद्रांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच छिद्रांत समोरासमोर काहीच येत नाही, म्हणून शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. ते अंतर ५८.८ मिमी आलं तर पीसीडी १००, ६७.२ आलं तर ११४.३.

गफलत होते ती जवळजवळच्या मापांत. ४×९८ आणि ४×१००. ५×११२ आणि ५×११४.३. पहिले दोन आटे हाताने छान फिरतात, म्हणून ‘बसतंय की’. पुढे पाना लावला की पहिला नट चाकाला स्वतःकडे ओढून घेतो आणि बाकीचे तिरके घट्ट होतात. बाहेरून काही दिसत नाही. चाक मात्र मध्यावरून किंचित सरकलेलं असतं आणि प्रत्येक फेऱ्याला बोल्टवर आडवा ताण येत राहतो. पीसीडी ‘जवळपास’ जुळणं म्हणजे न जुळणं.

रिमच्या मधलं भोक हबच्या गोल कडेवर नेमकं बसायला हवं. टोयोटाच्या अनेक लहान गाड्यांत ते ५४.१ मिमी असतं, होंडाच्या लहान गाड्यांत ५६.१, फोक्सवॅगन गोल्फमध्ये ५७.१. बाजारातल्या रिमचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येते. त्यात वाईट काही नाही, पण मधली फट भरायला योग्य मापाची हब रिंग घाला. ती नसली की ताशी ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, माणूस तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतो आणि थरथर जात नाही. भोक हबपेक्षा लहान असेल तर विषय तिथेच संपला. घासून मोठं करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

ऑफसेट हा सगळ्यांत गोंधळाचा भाग. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग, यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. ईटीच्या पुढे लिहिलेला आकडा तोच. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत, सस्पेन्शनकडे. समजा मूळ रिम ६ जे, ईटी ४५ आहे आणि दुकानदार ७ जे, ईटी ४० दाखवतोय. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ५ ने घटला, म्हणजे पूर्ण चाक ५ मिमी बाहेर. बाहेरची कड १७.७ मिमी पुढे आली आणि आतली ७.७ मिमी आत गेली. कागदावर हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डला घासायला हेच पुरतं. शिवाय बेअरिंगवर भार वाढतो आणि बाहेर आलेलं चाक वारा अंगावर घेतं. मी ऑफसेट मूळपेक्षा पाच मिलिमीटरहून जास्त इकडेतिकडे जाऊ देत नाही.

आता नट. यांच्याकडे कोणीच बघत नाही. माझ्या आधीच्या गाडीच्या मूळ रिमचे नट गोल बुडाचे होते. नवी रिम घेतली, तिच्या छिद्रांची बैठक शंकूच्या आकाराची. बसवणाऱ्याने तेच जुने नट मारून दिले आणि मीही बघत उभा होतो. दोनशेएक किलोमीटर झाल्यावर कमी वेगात डावीकडून टकटक यायला लागली. आधी वाटलं, टायरमध्ये खडा अडकला असेल. थांबून बघितलं तर दोन नट बोटांनी फिरत होते. गोल बूड शंकूत टेकतं ते एका बारीक कडेवर. अॅल्युमिनियमची ती कड थोडी दबली की नटातला ताण गेला. तेव्हा नटाच्या बुडाचा आकार (गोल, शंकू की सपाट वॉशरचा) आणि रिमची बैठक शेजारी धरून बघाच. आटेही बघा: टोयोटा-होंडाच्या लहान गाड्यांत बहुतेक एम १२×१.५ असतात, सुझुकीत एम १२×१.२५. दिसायला जुळे भाऊ, पण एक दुसऱ्यात जबरदस्तीने घातला तर आटे कापले जातात.

रिमवर भाराचा आकडा किलोमध्ये कोरलेला असतो. एका रिमचा आकडा दुप्पट केला की तो गाडीच्या जड अॅक्सलच्या (पुढची किंवा मागची चाकांची जोडी, जिच्यावर जास्त भार असतो ती) कमाल भारापेक्षा कमी भरता कामा नये. जपानी मानकाची ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण किंवा तशीच ओळखीची चाचणी-खूण असेल तर उत्तम. काहीच कोरलेलं नसलेली रिम मी फुकटही घेणार नाही.

लहान की मोठं

मोठी रिम गाडीला रुबाब देते यात वाद नाही. पण रिम मोठी झाली की धातू केंद्रापासून लांब जातो, टायर बहुधा रुंद होतो आणि दोन्ही गोष्टींचं बिल इंधनात येतं. २०१० साली ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ ते १९ इंचापर्यंतची चाकं चढवून चाचणी घेतली होती. १५ वरून १९ वर जाताना मायलेज सुमारे १० टक्क्यांनी उतरलं. दुसरं उदाहरण २०२३ च्या टोयोटा प्रियसचं. अमेरिकेतल्या अधिकृत आकड्यांनुसार पुढच्या चाकांवर चालणारं १७ इंची चाकांचं मॉडेल गॅलनला ५७ मैल देतं, १९ इंची चाकांची मॉडेलं ५२. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण २४.२ आणि २२.१ किलोमीटर. यात महागड्या मॉडेलच्या जास्तीच्या सामानाचाही थोडा वाटा असेल. गंमत अशी की दोन्हींच्या टायरची रुंदी १९५ मिमीच आहे.

मग कंपनीच्या मापापेक्षाही लहान जावं का? १५ ऐवजी १४? इथे मी सावध करतो. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला चिमटीत धरणारा भाग) आत मावायला हवा, आणि बऱ्याच गाड्यांत तो मावत नाही. मावला तरी रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं घासू शकतात. स्टिकरवर १४ इंच नसेल तर तो नाद सोडा.

चाकाचा एकूण व्यास मात्र जपा. हिशेब सोपा आहे. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, त्याचे दुप्पट २४०.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवले की ६२१.५. आता १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर २१४.५ अधिक ४०६.४, म्हणजे ६२०.९. व्यास जुळला. याउलट मी एकदा टायर मिळत नव्हता म्हणून १५ इंची रिमवर १८५/६० चढवला. व्यास ६०३, मूळपेक्षा जवळजवळ ३ टक्के कमी. आणि काय आश्चर्य, वहीत मायलेज वाढलं! मी चार जणांना सांगूनही मोकळा झालो. नंतर लक्षात आलं की लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, आणि ओडोमीटर फेरेच मोजतो. त्याने ६०० किलोमीटर दाखवले तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५८२ च चालली होती. मोठ्या व्यासाच्या टायरवर याच्या उलट होतं, मायलेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. व्यास बदलला असेल तर नवा व्यास भागिले जुना व्यास, या आकड्याने किलोमीटर गुणून मगच मायलेज काढा.

रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी. १८५/६५ आर १५ या टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. मायलेजसाठी मी अशा पट्ट्यात मधल्या किंवा खालच्या बाजूला राहतो.

वजनाबद्दल जरा थंड डोक्याने

हलकी रिम म्हणजे मायलेज, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. गाडी वेग घेते तेव्हा चाकाला पुढे ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून अगदी कडेवरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. पण एकदा स्थिर वेग आला की चाकाच्या वजनाचा फारसा प्रश्न उरत नाही. दर चाकामागे दोन किलो वाचवले तर चारांचे आठ, आणि वेग घेताना ते फार तर बारा-पंधरा किलोंसारखे. हजार-अकराशे किलोंच्या गाडीत हे एक टक्क्याच्या आसपास, आणि तेही सिग्नलला थांबत-निघत चालवताना. हायब्रीड गाडी ब्रेक दाबल्यावर काही ऊर्जा परत घेते, तिथे फायदा आणखी घटतो.

तेव्हा महागडी फोर्ज्ड (दाबून घडवलेली) रिम निव्वळ इंधन वाचवायला घेत असाल तर ते पैसे वसूल होणार नाहीत. खड्ड्यांवर गाडी हलकी चालते, स्टिअरिंगला बरं वाटतं, त्यासाठी घ्यायची तर खुशाल घ्या. साधी ओतीव अलॉय पुरते. स्टीलची रिमही वाईट नाही. ती वाकते पण सहसा तडकत नाही. दुकानात ‘एकदम लाइट आहे’ यावर विसंबू नका. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग रिम हातात घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. जुन्या रिमचंही तसंच करा. मोठ्या मापाची ‘लाइट’ अलॉय कधी कधी आपल्या जुन्या स्टीलच्या रिमएवढीच भरते.

वारा

गाडी ताशी ८० ने चालली असताना चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, आणि माथ्यावरचा बिंदू १६० ने पुढे जात असतो. म्हणजे गाडीचा सगळ्यांत वेगवान भाग तिच्या चाकाचा माथा. तिथे मोठाली उघडी भोकं आणि खोल आरे असले की ते पंख्यासारखी हवा घुसळतात. गाडीला होणाऱ्या हवेच्या एकूण विरोधात चाकं आणि त्यांच्या कमानी यांचा वाटा साधारण पाव हिश्शाचा मानला जातो, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शहरातल्या रहदारीत हे नगण्य, महामार्गावर नाही.

म्हणून सपाट तोंडाची, कमी भोकांची रिम बघा. दुसऱ्या पिढीच्या प्रियसला टोयोटाने अलॉय रिम दिली आणि तिच्यावर प्लास्टिकची टोपी बसवली. बघणाऱ्यांना वाटायचं स्टीलची रिम झाकलीय. होंडाच्या पहिल्या इनसाइटने तर मागची चाकं अर्धी झाकूनच टाकली होती. तुमच्या गाडीलाही कंपनीची टोपी असेल तर ती कुरूप म्हणून काढून टाकू नका. घरी पत्रा कापून पूर्ण चकती बसवायचा उद्योगही नको, ब्रेक थंड व्हायला हवा लागते.

रिमपेक्षा टायर मोठा

रिमवर एवढं लिहून आता कबूल करतो की खरी बचत टायरमध्ये आहे. फिरताना टायर जमिनीवर चपटा होतो, पुन्हा गोल होतो, आणि प्रत्येक वेळी रबरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. यालाच लोटण-रोध म्हणू. तो १० टक्क्यांनी कमी केला तर इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं. म्हणजे महागड्या रिमइतकं किंवा जास्त, आणि टायर तर कधी ना कधी घ्यायचाच असतो. युरोपीय लेबल असलेल्या टायरवर याची ए ते ई अशी श्रेणी छापलेली असते. त्याच लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचीही श्रेणी असते, तीही वाचा. पहिल्यात ए आणि दुसऱ्यात डी असा टायर मी घेत नाही.

आणि हवा. कमी हवेचा टायर जास्त चपटा होतो, एवढं सोपं आहे. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना.

जुनी वापरलेली रिम घेत असाल तर बॅलन्सिंगच्या यंत्रावर नुसती रिम फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आतली कड बघा, वाकलेली असते ती बहुतेक तिथेच. आऱ्यावर वेल्डिंगची खूण किंवा एकाच जागी ताजा रंग दिसला तर परत ठेवून द्या.

बसवताना

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या. गंजाच्या पापुद्र्यावर चाक टेकलं की ते नंतर सैल पडतं. हब रिंग घाला, रिम चढवा, सगळे नट हातानेच शक्य तेवढे फिरवा. नट हाताने अडत असेल तर काहीतरी चुकतंय, पान्याने रेटू नका. टायर न चढवलेली नुसती रिम आधी लावून फिरवून बघितली तर फारच छान. कॅलिपर आणि रिम यांच्यात सगळीकडे किमान तीन मिलिमीटर फट हवी. टायरसकट लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून घासतंय का बघा.

नट समोरासमोर, फुलीच्या क्रमाने कसा. किती कसायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. एम १२ च्या नटांना बहुधा १०० ते ११० न्यूटन-मीटर. हवेच्या बंदुकीने धाडधाड मारलेल्या नटांवर शेवटी टॉर्क पाना लावून घ्यायला सांगा. आट्यांना तेल लावू नका, त्याने नट ठरल्यापेक्षा जास्त ओढला जातो. हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते नव्या रिममध्ये हलवले का, हे टायर चढवण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर टायर पुन्हा उतरवावा लागतो. मग व्हील अलाइनमेंट. खड्ड्याने रिम वाकवली असेल तर त्याने अलाइनमेंट सोडलेलं असण्याची शक्यता कमीच.

पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा. मायलेज मात्र लगेच ताडू नका. नव्या टायरची नक्षी खोल असते, तेवढं रबर जास्त मुडपतं, त्यामुळे झिजलेल्या टायरपेक्षा सुरुवातीला मायलेज थोडं कमीच येतं. टायर दोन-तीन हजार किलोमीटर फिरू द्या, मग जुनी वही काढा.

राहिली स्टेपनी. नव्या नटांचं बूड स्टेपनीच्या रिमला चालतं का, ते घरासमोर उजेडात बघून घ्या. चालत नसेल तर जुन्या नटांचा एक संच पिशवीत घालून स्टेपनीच्या खाचेतच ठेवा.